सतरा गुराखी आणि एक बेडूक

(भंडारा जिल्ह्यातलं अड्याळ. आठवडी बाजाराचा दिवस, सकाळचे दहा. टिकाराम गभणे यांच्या घराची ओसरी. टिकाराम, त्यांची थोरली बहीण बेबीबाई, आणि पाच दिवसांपूर्वी दिल्लीहून आलेली त्यांची मुलगी तृप्ती.)

टिकाराम : ...अन् मधात तुहा फोटो. दहा बाय आठचा फ्लेक्स हाये, लहानसहान नाई. पवनीवरून येनारी एसटी चौकात वळते तं ड्रायव्हरले पयले तूच दिसते.

तृप्ती : बाबा, हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

टिकाराम : सांगाले कायले लागते? दोन देशाचे सगळ्यात मोठे मानसं समोरासमोर बसले, अन् त्याईच्या मधात माही पोट्टी. याचं त्याले सांगून राहिली, त्याचं याले सांगून राहिली. टीव्हीवर साऱ्या गावानं पाह्यलं.

बेबीबाई : साऱ्या गावानं कोपर पाह्यलं. आपल्यावाल्याचं कोपर पोरीच्या तोंडासमोर होतं. मी म्हनलं, हे कोन बाई, हिचं नाक तं कोपरातून बाहेर आलं!

टिकाराम : म्हनूनच फ्लेक्सवर तिचा कॉलेजातला फोटो लावला नं, बाई.

बेबीबाई : अन् खालती शुभेच्छुक म्हनून एकवीस थोबाडं. एकेक तिच्याहून मोठं. त्यातल्या धा जनाईले ही कोनाची पोरगी हाये, हे बी मालूम नसन.

तृप्ती : आणि लिहिलंय काय त्यावर?

टिकाराम : 'दोन देशांची वाणी, अड्याळची राणी.' भुपेंद्रभाऊनं सोता जुळवलं. सरपंच असून कविता करते थो.

बेबीबाई : गावात दुसरं काही करा नाई लागत, म्हनून करते.

टिकाराम : चार वाजता कार्यक्रम हाये. शाल, नारळ, अन् मंग तुहं भाषन. जास्ती नाई, पाच मिंटाचं. आपल्यावाल्यानं त्याईच्यावाल्याले कसं झापलं, तेवढं सांगजो.

तृप्ती : कोणी कोणाला झापलं नाही, बाबा.

टिकाराम : नाई कसं? मी तं साऱ्याईले सांगून बसलो.

तृप्ती : काय सांगितलंत?

टिकाराम : काही नाई. हेच, का आपल्यावाल्यानं टेबलावर असा हात आपटला, तं त्याईच्यावाल्याच्या कपातला चहा सांडला.

बेबीबाई : सोमवारी चहा सांडला होता. बुधवारी कप फुटला. काल किराना दुकानात सांगे, टेबलाचा पाय मोडला.

टिकाराम : बाई, तू चूप राह्य.

तृप्ती : बाबा, कार्यक्रम रद्द करा.

टिकाराम : का म्हनलं?

तृप्ती : मी येणार नाही. भुपेंद्रदादाला फोन करून सांगा, तिची तब्येत बरी नाही.

टिकाराम : तब्येतीले काय झालं? सकाळी चार भाकरी खाल्ल्या तुनं.

बेबीबाई : टिक्या, थांब जरा. पोरगी पाच दिवसापासून घरात बसून हाये. बाजारात गेली नाई, मैतरनीकडे गेली नाई, फोन वाजला का उलटा करून ठेवते. अन् तू म्हनते, सरकारनं खूश होऊन सुट्टी देल्ली. सरकार कधी खूश होते का? सांग वं माय, का झालं?

तृप्ती : मला बोलायची परवानगी नाही, आत्या. तिथलं तिथंच ठेवायचं असतं. सही घेतात आमची.

बेबीबाई : आमी कोनाले सांगनार? माह्या बकऱ्याईले? त्याईले तं मराठी बी येत नाई.

टिकाराम : माह्या समोर बोल, तृप्ती. काही वाईटवकटं झालं का?

तृप्ती : मला काढलंय, बाबा.

टिकाराम : कशातून काढलं?

तृप्ती : नोकरी आहे. पण नेत्यांच्या बैठकीतून काढलं. आता तळघरात बसायचं आणि त्यांच्याकडच्या पेपरांचा अनुवाद करायचा. कोणत्या जिल्ह्यात किती कांदा पिकला, कोणता पूल वाहून गेला. सोमवारपासून.

टिकाराम : कायले? तुनं का केलं?

तृप्ती : जे बोललं गेलं ते सांगितलं नाही. वेगळंच सांगितलं.

टिकाराम : म्हंजे? चुकलीस तू? शब्द नाई आला?

तृप्ती : शब्द आला होता. चांगला येत होता. म्हणून तर नाही सांगितला.

बेबीबाई : हे पाह्य, आता मले मजा येऊन राहिली. शुरूपासून सांग.

तृप्ती : पहिल्या दिवशी तर काहीच झालं नाही. त्यांचा झेंडा आपल्या झेंड्यापेक्षा दोन बोटं खाली होता. त्यांनी बसायलाच नकार दिला. मग सुतार बोलावला. त्यानं आपल्या झेंड्याची काठी कापली. ती जास्त कापली गेली, तर आपले लोक बसेनात. मग त्यांचीही कापली. पाऊण तास दोन देशांचे मंत्री उभे, आणि सुतार मध्ये बसून मोजतोय.

बेबीबाई : माय वं! अन् तिकडून त्या टीव्हीवाल्या सांगत होत्या, वातावरन लय गंभीर हाये.

तृप्ती : गंभीरच होतं. भुसा सगळा त्यांच्या बुटांवर.

टिकाराम : फालतू गोठी सोड. मेन काय झालं?

तृप्ती : दुसऱ्या दिवशी बंद खोलीतली बैठक. सहाच माणसं. त्यांचाही एक दुभाषी होता, बिचारा चांगला माणूस. पण रात्रीच्या मेजवानीत त्यानं आइस्क्रीम खाल्लं आणि त्याचा घसा बसला. म्हणून दोन्हीकडचं मीच बोलायचं, त्यानं नुसतं लिहून घ्यायचं, असं ठरलं. विषय दोन होते. पहिला व्यापाराचा. त्यात काही जमलं नाही. दुसरा त्या सतरा माणसांचा.

बेबीबाई : कोनते सतरा?

तृप्ती : आपले गुराखी होते. डोंगरातली सीमा आहे आत्या, तिथे तार नाही की खांब नाही. गाई चरत चरत पलीकडे गेल्या. त्यांच्या मागे हे गेले. तिकडच्यांनी पकडलं. गाई परत पाठवल्या, माणसं ठेवून घेतली. आठ महिने झाले होते.

बेबीबाई : ढोरकी! ढोरं सोडले अन् ढोरक्याईले धरून ठेवलं?

तृप्ती : हो. गाईंना जबाब देता येत नाही ना. मला फाईल आधी वाचायला दिली होती. त्यात एक जण एकाहत्तर वर्षांचा होता. त्याच्या बायकोनं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र होतं. त्याला सोडा, असंही नव्हतं त्यात. म्हणे, त्याला दात नाहीत, भात जरा मऊ शिजवून द्यावा. एवढंच. खाली अंगठा.

टिकाराम : ...मंग?

तृप्ती : मग आपल्या साहेबांनी बोलायला सुरुवात केली. तुम्ही ऐकलंय त्यांना. हजार वर्षांपूर्वीपासून सुरू केलं. दोन्ही देश भाऊ, नद्या बहिणी, डोंगर कोण ते आता आठवत नाही. पंचवीस मिनिटं झाली. समोरचे म्हातारे गृहस्थ, त्यांचे नेते, आधी घड्याळ बघत होते, मग छताकडे, मग डोळे मिटून बसले. आणि एकदम स्वतःच्या सचिवाकडे वळून, काही हळू वगैरे नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाले...

बेबीबाई : का म्हनले?

तृप्ती : म्हणाले, हा माणूस तळ्यातल्या बेडकासारखा आहे. पाऊस नसला तरी ओरडतो.

बेबीबाई : आई आई आई! टिक्या, ऐकलं? मले पानी दे, मले ठसका लागला!

टिकाराम : हासू नोको, बाई! आपल्या देशाच्या नेत्याले बेडूक म्हनलं थ्यानं!

बेबीबाई : मी कुठं नाई म्हनतो? म्हनलंच नं. अन् टीव्ही लावला का तुले बी तसंच वाटते, तवाच आवाज बंद करते तू.

तृप्ती : सचिवाला हसू आवरेना. तो चहात तोंड घालून बसला. आपल्या साहेबांनी ते पाहिलं. बोलायचे थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, काय म्हणाले ते?

टिकाराम : मंग सांगाचं होतं! जे हाये थे सांगाचं. तुहं कामच थे हाये.

तृप्ती : कामच आहे. आणखी एक वाट होती, म्हणता येतं की ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण त्यांचे कान लाल झाले होते, बाबा. दुसऱ्या विषयाची फाईल समोर उघडी होती, ती त्यांनी मिटली. नुसती मिटली नाही, त्यावर हात ठेवला. मी 'ते तुमच्यासाठी नव्हतं' म्हटलं असतं तरी ते उठले असते. आणि बेडूक म्हटलं असतं तर...

बेबीबाई : तं कप फुटला असता.

तृप्ती : मी म्हणाले, सर, ते म्हणतात आपला आवाज पावसाळ्यातल्या ढगांसारखा दूरवर पोचतो.

बेबीबाई : शाबास!

तृप्ती : ते खूश झाले. इतके खूश झाले की मला भीती वाटली. म्हणाले, त्यांना सांगा, तुमचाही आवाज काही कमी नाही. आपण दोघांनी मिळून आवाज दिला तर सगळा आशिया ऐकेल.

टिकाराम : अन् थे तुनं कसं सांगतलं?

तृप्ती : ते मात्र जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर बदललं नाही.

बेबीबाई : थांब, थांब. त्या बुढ्यानं याले बेडूक म्हनलं. अन् त्याले उत्तर का भेटलं, तर तू बी काही कमी नाईस, आपन दोघं मिळून ओरडू...

तृप्ती : सगळा आशिया ऐकेल.

बेबीबाई : अग माय माय माय!

तृप्ती : म्हातारे आधी माझ्याकडे बघत राहिले. मग साहेबांकडे. आणि मग असे हसले, असे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. टेबलावरून हात पुढे करून साहेबांचा हात धरला. म्हणाले, मला वाटलं होतं तुम्हाला विनोद कळत नाही. आपले साहेबही हसायला लागले. कशाला हसतायत हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मनापासून हसत होते. दुसरा विषय बारा मिनिटांत संपला. सतरा जण आठवड्यात घरी गेले.

बेबीबाई : अन् थो बिनदातवाला?

तृप्ती : तोही.

टिकाराम : मंग तुले काढलं कायले?

तृप्ती : त्यांच्या दुभाष्यानं सगळं लिहून घेतलं होतं ना. पंधरा दिवसांनी दोन्हीकडचे कागद जुळवायला आले. त्यांच्या कागदात बेडूक, आपल्या कागदात पावसाळा. आमच्या खात्याच्या मोठ्या मॅडमनी मला बोलावलं. विचारलं, चूक झाली की केलं? मी म्हटलं, केलं.

टिकाराम : चूक झाली म्हनता नाई आलं?

तृप्ती : आलं असतं. एक खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यासाठी तोंड उघडेना. त्या वाईट नाहीत, बाबा. म्हणाल्या, आज तू भांडण मिटवलंस, उद्या दुसरी कोणी अशीच लावून देईल. मग आपल्यावर भरवसा कोण ठेवणार? त्यांचं बरोबरच आहे.

बेबीबाई : अन् आपलावाला? त्याले सांगतलं का?

तृप्ती : कोण सांगणार? त्यांना अजून वाटतं, आपल्या आवाजाची तारीफ झाली. मागच्या आठवड्यात दोन भाषणांत सांगितलंय त्यांनी.

टिकाराम : म्हंजे मी सोमवारपासून गावभर सांगत फिरलो, का माही पोरगी लबाडी नाई करत, जसं हाये तसं तोंडावर सांगते, म्हनून तिले येवढ्या मोठ्या जागी बसवलं. अन् तुनं का केलं? लबाडीच केली नं! मी जिंदगीभर एक शब्द इकडचा तिकडं केला नाई. कोनाच्या पोटी आली तू?

तृप्ती : बाबा...

टिकाराम : कोनाच्या मनात का हाये थे लपवून, वरून गूळ लावून सांगाचं, हे आपल्या घरात कोनी शिकवलं तुले?

बेबीबाई : तुनंच शिकवलं, टिक्या.

टिकाराम : मी?

बेबीबाई : नाई तं कोनं? ही आठ सालाची होती तवा तू अन् राजकुमार बोलत नव्हते. सख्खे भाऊ, एक आंगन, अन् मधात ही. धानाचा रोवना आला का तू इथून म्हने, जाय, त्या डुकराले सांग, तळ्याचं, बोडीचं पानी अडवून बसला हाये थे सोड, नाई तं धानाच्या बांधीत गाडतो. आठवते का?

टिकाराम : रागात म्हनलं असन.

बेबीबाई : सा वर्सं रागात म्हनलं तू. मी आंगनात तांदूळ निवडत बसो. ही पळत जाये अन् राजकुमारले म्हने, काका, बाबानं इचारलं, पानी कवा सोडता, तुमची सवड पाहून.

टिकाराम : ...काय?

बेबीबाई : अन् थो तिकडून म्हने, तुह्या बापाले सांग, पानी पाह्यजे तं येऊन पाय धर. ही इकडं येऊन सांगे, काका म्हनते, उद्या सकाळी सोडतो. अन् मंग परत तिकडं जाऊन म्हने, काका, बाबा तुमच्या पाया पडतो म्हनते, पन त्याचे गुडघे दुखून राहिले.

टिकाराम : तृप्ती. हे खरं हाये?

तृप्ती : तुमचे गुडघे दुखायचेच, बाबा.

टिकाराम : मी त्याच्या पाया पडतो म्हनून सांगतलं तुनं? सा वर्सं?

तृप्ती : रोज नाही. रोवण्याच्या वेळी फक्त.

बेबीबाई : अन् सा वर्सं तुह्या बांधीले पानी भेटलं. तुले वाटे, राजकुमार भेते तुले. अरे, कोन भेते तुले? माही शेळी बी नाई भेत.

टिकाराम : ...मी तं राजकुमारच्या पोराच्या लग्नात त्याले म्हनलं होतं, तू मनानं वाईट नव्हता, धमकी देल्ली का पानी सोडत होता. थो माह्या तोंडाकडं पाहतच राहिला.

तृप्ती : काकांनी मला नंतर विचारलं होतं, तुझे बाबा धमकीचं काय म्हणत होते? मी म्हटलं, बँडच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल.

बेबीबाई : गाडी वाजली. भुपेंद्र आला पाह्य.

भुपेंद्र : टिकारामकाका, हाये का घरात? नमस्कार, बेबीआत्या. अरे वा, मॅडम! एकदम साधी राह्यनी. ऐक तृप्ती, चार वाजताचा टाइम पक्का हाये. आमदारसाहेबाचा मानूस बी येऊन राहिला. मी तुहे दोन डायलॉग लिहून आनले, हे घे. 'जेव्हा आपल्या नेत्यांनी गर्जना केली, तेव्हा शत्रूचा कंठ सुकला.' यावर मी टाळ्या सुरू करतो, तू फक्त दोन सेकंद थांबजो.

तृप्ती : दादा, घसा त्यांच्या दुभाष्याचा बसला होता. तोही आइस्क्रीमनं.

भुपेंद्र : का?

तृप्ती : आणि ते शत्रू नाहीत. चहा पीत होते.

भुपेंद्र : अरे, थे आपल्याले ठावं हाये. पब्लिकले थोडी सांगाचं हाये! काका, तुमी समजवा हिले. टेबल मोडल्याची गोष्ट तं तुमीच सांगतली.

टिकाराम : टेबल नाई मोडला, भुपेंद्रभाऊ.

भुपेंद्र : बरं, कप तं फुटला?

टिकाराम : कप बी नाई फुटला. मी बनवून सांगतलं. अन् आनखी एक. हिले त्या बैठकीतून काढलं. आता थे काम नाई तिच्याकडं. तं सत्कार बी नाई पाह्यजे.

तृप्ती : बाबा, हे सांगायची गरज...

टिकाराम : तू चूप. हे मी सांगून राहिलो.

भुपेंद्र : काढलं? कायले काढलं? काही लफडं?

टिकाराम : कायले थे तिले बोलता नाई येत अन् मी बोलनार नाई. पन माह्या पोरीनं काही वाईट केलं नाई, येवढं लिहून घे. चौकात इचारलं कोनी तं माह्याकडं पाठवजो.

भुपेंद्र : काका, पन मंडप टाकला! आमदारसाहेबाचा मानूस निघाला भंडाऱ्यावरून. शाल आनली, तिचं का करू?

बेबीबाई : मले दे.

भुपेंद्र : आत्या, मजाक नोका करू.

बेबीबाई : मजाक कायची? बत्तीस साल झाले या बाजारात वांगे इकून राहिली मी. कोनाले एक किडकं देल्लं नाई. त्या आमदाराच्या मानसाले इचार, त्याच्या साहेबाले येवढं म्हनता येते का?

भुपेंद्र : ...ज्येष्ठ महिला भाजीविक्रेत्या. सन्मान नारीशक्तीचा. हव, हे चालू शकते. फ्लेक्सवर तुमचा फोटो चिपकवतो. पन 'दोन देशांची वाणी'चं का कराचं?

बेबीबाई : तिथं लिही, 'ताजी भाजी आणी, अड्याळची राणी.'

भुपेंद्र : आत्या! हे तं जुळलं!

बेबीबाई : चाल, मले गाडीवर घे. घरून नवं लुगडं नेसतो अन् मंगच येतो. अन् ऐक, ते एकवीस थोबाडं काढ तिथून, वांग्याले जागा पाह्यजे.

तृप्ती : गेले. बाबा, तुम्हाला नव्हतं सांगायला पाहिजे. उद्या चौकात सगळे हसतील तुमच्यावर.

टिकाराम : हासन. दोन दिवस हासन.

तृप्ती : मला राग नाही आला तुमचा.

टिकाराम : मी इचारलं का तुले?

तृप्ती : नाही.

टिकाराम : ...तृप्ती.

तृप्ती : हं.

टिकाराम : त्याईच्या भाषेत, 'माहं चुकलं' हे कसं म्हनतेत?

तृप्ती : कोण कोणाला म्हणतंय, त्यावर असतं ते.

टिकाराम : समज, बाप. पोरीले.

तृप्ती : त्याला शब्द नाही, बाबा. त्यांच्याकडे बाप तसं म्हणत नाही. पोरीला जेवायला वाढतो.

टिकाराम : हे खरं हाये, का तू बनवून सांगून राहिली?

तृप्ती : थोडं बनवून.

टिकाराम : बस मंग. मी ताट आनतो.